सत्तावीस सेंटांची शिल्लक

देशाटनाने मनुष्याच्या अंगी चातुर्य येते, ही शिकवण मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली आहे. पु. ल. देशपांडे यांनी सुनीताबाईंसमवेत केलेल्या प्रवासांतून ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’ ही पुस्तके सिद्ध झाली आणि परदेश ज्यांनी कधी पाहिला नाही, अशा असंख्य वाचकांनाही दूरच्या शहरांची ओळख झाली. तथापि, प्रवासवर्णनांमध्ये दोन गोष्टी सहसा विस्ताराने येत नाहीत. पहिली म्हणजे खर्चाचा हिशेब आणि दुसरी म्हणजे प्रवास संपल्यानंतर उजाडणारा दिवस. सामानाची पिशवी कोपऱ्यात ठेवली जाते, खिसा रिकामा असतो, नोकरी सुटलेली असते आणि मनात साठलेल्या अनुभवांचे काय करायचे, हा प्रश्न समोर उभा राहतो.

या प्रश्नाचे एका जोडप्याने शोधलेले उत्तर जगभरातील प्रवाशांच्या परिचयाचे आहे. टोनी व मॉरीन व्हीलर हे ते दांपत्य होय. ‘लोनली प्लॅनेट’ या प्रवास-मार्गदर्शक पुस्तकांच्या मालेचे ते संस्थापक. त्यांच्या यशाची कथा अनेकदा सांगितली जाते. परंतु त्या यशामागील आर्थिक शिस्त, वेळोवेळी पत्करलेली जोखीम आणि यश पदरी पडल्यानंतर घेतलेले निर्णय अधिक विचार करण्याजोगे आहेत.

बागेतील ओळख

टोनी व्हीलर यांचा जन्म १९४६ साली इंग्लंडमध्ये झाला. वडील विमान कंपनीच्या सेवेत असल्याने त्यांच्या बदल्या होत आणि त्यामुळे टोनी यांचे बालपण कराचीपासून अमेरिकेपर्यंत निरनिराळ्या ठिकाणी गेले. वॉरिक विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्यांनी काही काळ मोटार उद्योगात काम केले आणि पुढे लंडन बिझनेस स्कूलमध्ये व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले. मॉरीन यांचा जन्म १९५० साली उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. विशीत पदार्पण करताच त्या नोकरीसाठी लंडनला आल्या. १९७० साली लंडनमधील रीजंट्स पार्क या बागेतील एका बाकावर दोघांची ओळख झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांचा विवाह झाला.

टोनी यांचे शिक्षण संपत आले, तेव्हा समोरचा मार्ग सरळ होता. व्यवस्थापनाची पदवी, मोठ्या कंपनीत नोकरी, हप्त्यांवर घर आणि निवृत्तीपर्यंतची निश्चिंतता. तो मार्ग स्वीकारण्यापूर्वी एक वर्ष प्रवासासाठी काढावे, मनातील भटकण्याची हौस एकदाची फेडून घ्यावी आणि मग लंडनला परतून स्थिरस्थावर व्हावे, असा या दोघांचा बेत होता. त्या वेळी त्यांच्या मनात व्यवसायाचा विचार नव्हता आणि पुस्तक लिहिण्याचाही नव्हता.

खुष्कीचा मार्ग

१९७२ सालच्या उन्हाळ्यात त्यांनी ६५ पौंडांना एक जुनी छोटी व्हॅन विकत घेतली आणि पूर्वेकडे प्रयाण केले. युरोप ओलांडून तुर्कस्तान, इराण आणि अफगाणिस्तान असा त्यांचा मार्ग होता. त्या काळी युरोपातील असंख्य तरुण याच मार्गाने भारत आणि नेपाळपर्यंत येत असत. या मार्गाला ‘हिप्पी ट्रेल’ असे नाव पडले होते. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली आणि काठमांडू ही त्यावरील ठळक ठाणी होती.

हा मार्ग नेमका त्याच काळात का बहरला, हे समजून घेण्यासारखे आहे. विमानप्रवास सामान्य तरुणाच्या आवाक्याबाहेरचा होता. जमिनीवरून जाणाऱ्या बसगाड्या मात्र स्वस्त होत्या. वाटेतील देशांच्या सीमा पाश्चात्त्य प्रवाशांना खुल्या होत्या. तुर्कस्तानपासून पुढे राहण्याजेवण्याचा खर्च युरोपच्या मानाने नगण्य होता, त्यामुळे थोड्या बचतीवर कित्येक महिने काढता येत. पुढे १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्या घटनांनी हा मार्ग बंद झाला. व्हीलर दांपत्य त्या वाटेने गेले, ते अशा रीतीने इतिहासातील एका छोट्याशा फटीतून गेले.

काबूलला पोहोचल्यावर त्यांनी व्हॅन विकली आणि या व्यवहारात थोडासा नफाही मिळवला. पुढचा प्रवास बस, रेल्वे आणि मिळेल त्या वाहनाने झाला. पाकिस्तान, भारत व नेपाळ पाहून ते थायलंडला गेले आणि तेथून मलेशिया व इंडोनेशियामार्गे बाली बेटावर पोहोचले. बालीहून ऑस्ट्रेलियाला जाण्यासाठी एका शिडाच्या नौकेवर त्यांना जागा मिळाली. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील एक्समाउथ येथे उतरून, वाटेतील वाहनचालकांना विनंती करत, त्यांनी अवघे खंड ओलांडले. २६ डिसेंबर १९७२ रोजी ते सिडनीला पोहोचले, तेव्हा दोघांकडे मिळून २७ सेंट शिल्लक होते.

ही रक्कम पुढे दंतकथेसारखी सांगितली गेली. तरी तिच्याकडे थोडे निराळ्या नजरेने पाहिले पाहिजे. मर्यादित पैशांत खंडच्या खंड ओलांडून शेवटच्या नाण्यापर्यंत पुरवणे, हे काटेकोर नियोजनाचे काम आहे. त्या काळी आजच्यासारखी कार्डे नव्हती, ठिकठिकाणी यंत्रांतून पैसे काढण्याची सोय नव्हती. प्रवासी धनादेश जपून वटवावे लागत आणि पैसे संपले, तर घरून मदत पोहोचेपर्यंत आठवडे जात. कोणत्या गावी किती दिवस राहिले, तर किती खर्च होईल, हे मनात सतत मांडावे लागे. या सवयीतूनच पुढील पुस्तकाचा पाया नकळत घातला गेला.

स्वयंपाकघरातील टेबल

सिडनीत दोघांनी नोकऱ्या धरल्या. काही महिने काम करून परतीच्या भाड्याचे पैसे साठवावेत आणि लंडनला जावे, असा विचार होता. परंतु भेटेल तो परिचित त्यांना तेच ते प्रश्न विचारू लागला. कोणत्या मार्गाने आलात? व्हिसा कोठे मिळाला? सीमेवरून बस किती वाजता सुटते? एकूण खर्च किती आला? उत्तरे कागदावर लिहून देता देता दोघांच्या लक्षात आले, की ज्या माहितीसाठी लोक इतके आतुर आहेत, ती कोठेही छापील स्वरूपात सहजी उपलब्ध नाही. त्या काळची प्रवासपुस्तके युरोपातील मोठी हॉटेले आणि प्रेक्षणीय इमारती यांचे वर्णन करीत. थोड्या पैशांत आशिया ओलांडू इच्छिणाऱ्या तरुणास त्यांचा उपयोग नव्हता.

भाड्याच्या छोट्या घरात, स्वयंपाकघरातील टेबलावर, हे पुस्तक तयार झाले. ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ या नावाने ते १९७३ साली प्रसिद्ध झाले. जेमतेम शंभर पानांची ही पुस्तिका होती आणि तिची किंमत १ डॉलर ८० सेंट ठेवण्यात आली होती. पहिल्या आवृत्तीच्या १,५०० प्रती काढल्या होत्या. पाने जुळवणे, टाके मारणे, कडा कापणे ही कामेही बव्हंशी हातानेच झाली. टोनी स्वतः प्रती घेऊन सिडनीतील पुस्तकांच्या दुकानांत फिरले. अल्पावधीतच सर्व प्रती संपल्या आणि पुनर्मुद्रण करावे लागले.

प्रकाशनसंस्थेच्या नावाची कथाही मनोरंजक आहे. जो कॉकर या गायकाच्या एका गीतातील ‘लव्हली प्लॅनेट’ हे शब्द टोनी यांनी ‘लोनली प्लॅनेट’ असे ऐकले होते. मॉरीन यांनी चूक लक्षात आणून दिली. परंतु तोवर चुकीचेच नाव मनात भरले होते. ‘सुंदर ग्रह’ या सरळ शब्दांपेक्षा ‘एकाकी ग्रह’ लोकांच्या अधिक लक्षात राहिला.

या टप्प्यावर जोडप्यासमोर खरा निर्णय उभा राहिला. एका पुस्तिकेचे यश हा योगायोग ठरू शकतो. लंडनला परतणे सुरक्षित होते. पुन्हा प्रवासास निघणे म्हणजे चालू नोकऱ्या सोडणे आणि कमावलेली सगळी रक्कम पणास लावणे. त्यांनी दुसरा मार्ग निवडला. १९७४ साली मोटारसायकलवरून ते आग्नेय आशियाच्या प्रवासास निघाले आणि प्रवासाअंती सिंगापूरमधील एका साध्या चिनी हॉटेलच्या खोलीत बसून त्यांनी दुसरे पुस्तक लिहिले. १९७५ साली प्रसिद्ध झालेले ‘साउथ-ईस्ट एशिया ऑन अ शूस्ट्रिंग’ हे ते पुस्तक. पिवळ्या मुखपृष्ठामुळे प्रवाशांमध्ये ते एखाद्या पोथीसारखे प्रमाण मानले जाऊ लागले. त्याच्या नवनव्या आवृत्त्या पुढे अनेक दशके निघत राहिल्या.

यानंतर व्हीलर दांपत्य मेलबर्नला स्थायिक झाले. एक वर्षाच्या प्रवासानंतर ज्या घरी परतायचे होते, ते लंडनमधील घर मागेच राहिले आणि वाटेतील मुक्काम हेच घर झाले. मॉरीन यांनी ला ट्रोब विद्यापीठात समाजकार्याचा अभ्यासही याच काळात केला. व्यवसायाचे भवितव्य अनिश्चित असताना दोघांपैकी एकाने शिक्षण पुरे करून उपजीविकेचा दुसरा आधार तयार ठेवणे, यात व्यवहारी शहाणपण होते.

भारताने दिलेले वळण

१९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत संस्थेची अनेक पुस्तके निघाली होती, परंतु तिचा पसारा लहान होता आणि भांडवलाची चणचण नित्याची होती. पुस्तक-प्रकाशनात पैशांचे चक्र कसे फिरते, हे पाहिल्यास ही चणचण कळू शकेल. लेखकाचा प्रवासखर्च, नकाशे, अक्षरजुळणी, कागद आणि छपाई यांचे पैसे आधी मोजावे लागतात. छापलेली पुस्तके विक्रेत्यांकडे उधारीने जातात आणि वसुली कित्येक महिन्यांनी होते. न खपलेल्या प्रती परतही येतात. त्यामुळे पुस्तके उत्तम खपत असूनही हातात रोकड नाही, अशी स्थिती उद्भवते. नफा आणि रोख रक्कम या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे लघुउद्योग चालवणाऱ्या प्रत्येक ग्राहकास अनुभवाने ठाऊक असते. मार्गदर्शक पुस्तकाची तर आणखी एक अडचण असते. छपाई झाल्या दिवसापासूनच ते जुने होऊ लागते. भाडी वाढतात, खानावळी बंद पडतात, बसची वेळ बदलते. कादंबरी एकदा लिहिली की पुरे होते. मार्गदर्शक पुस्तक मात्र दर दोन-तीन वर्षांनी जवळजवळ नव्याने लिहावे लागते आणि दर वेळी भांडवल घालावे लागते.

अशा स्थितीत भारतावर पुस्तक काढण्याचा संकल्प सोडण्यात आला. या देशाचा आवाका लहान पुस्तकात मावणारा नव्हता. रुंद, मीटर आणि अरुंद अशा तीन रुंदींच्या रुळांवर धावणारी विस्तीर्ण रेल्वे, प्रत्येक राज्याची निराळी भाषा आणि अन्न, हिमालयातील खिंडींपासून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत आणि अजिंठा-वेरूळच्या लेण्यांपासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेली ठिकाणे, हे सर्व एका जिल्दीत आणायचे होते. टोनी व मॉरीन यांच्यासह जेफ क्राउदर आणि नेपाळमधील लेखक प्रकाश राज यांनी ही जबाबदारी उचलली. संस्थेने तोवर काढलेल्या कोणत्याही पुस्तकापेक्षा हे काम कितीतरी मोठे आणि खर्चिक होते. ते फसले असते, तर छोटी प्रकाशनसंस्था बुडण्याचाच संभव होता.

१९८१ साली ‘इंडिया’ प्रसिद्ध झाले. पानांची संख्या सातशेच्या घरात होती आणि किंमतही आधीच्या पुस्तकांहून बरीच जास्त होती. तरीही प्रवाशांनी ते उचलून धरले. पुढच्या वर्षी थॉमस कुक कंपनीच्या मार्गदर्शक पुस्तकांसाठीच्या पुरस्काराने त्याचा गौरव झाला. या एका पुस्तकाने संस्थेचे अर्थकारण पालटले, असे तिच्या इतिहासात नोंदवले गेले आहे. १९८० साली जिम हार्ट हे भागीदार म्हणून आले होते. १९८४ साली अमेरिकेतील ओकलंड येथे कार्यालय उघडण्यात आले. स्वयंपाकघरातील टेबलावर सुरू झालेले काम आता अनेक देशांतील लेखक, नकाशाकार आणि संपादक यांच्या हाती गेले.

भारतीय वाचकास या कथेची आणखी एक बाजू जाणवेल. व्हीलर दांपत्य १९७२ साली भारतातून गेले, तेव्हा एखाद्या भारतीय जोडप्याने उलट दिशेने असा वर्षभराचा प्रवास करणे जवळजवळ अशक्य होते. परकीय चलन दुर्मिळ होते आणि १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजेच ‘फेरा’ने, त्यावरील नियंत्रणे अधिकच कडक केली. उदारीकरणानंतर हे चित्र पालटले. १९९९ सालचा ‘फेमा’ कायदा जून २००० पासून अमलात आला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने निवासी व्यक्तींसाठी उदारीकृत धनप्रेषण योजना आणली. आरंभी तिची वार्षिक मर्यादा २५,००० डॉलर होती, ती टप्प्याटप्प्याने पुष्कळ वाढली. आज एखादे मध्यमवर्गीय भारतीय दांपत्य परदेशवारीचा बेत आखते, तेव्हा त्यामागे त्यांच्या बचतीइतकाच या बदललेल्या कायद्यांचाही हातभार असतो.

मार्गदर्शकाची जबाबदारी

पुस्तकांचा प्रभाव वाढला, तसे जबाबदारीचे प्रश्नही पुढे आले. एखाद्या शांत किनाऱ्याची किंवा स्वस्त खानावळीची शिफारस लाखो वाचकांपर्यंत पोहोचली, की ती जागा पूर्वीसारखी राहत नाही. गर्दी वाढते, भाव चढतात, शेजारचे तितकेच चांगले दुकान केवळ पुस्तकात नाव नसल्याने ओस पडते. प्रवाशास स्वतंत्रपणे फिरता यावे, या हेतूने लिहिलेले पुस्तक सर्वांना एकाच वाटेने नेऊ लागले, तर त्याचा मूळ हेतूच बाजूला पडतो. हा आक्षेप ‘लोनली प्लॅनेट’वर वारंवार घेतला गेला आणि तो निराधार म्हणता येणार नाही.

म्यानमारचा प्रश्न याहून कठीण होता. तेथील लष्करी राजवटीने १९९६ हे पर्यटन वर्ष म्हणून जाहीर केले, तेव्हा आँग सान सू ची यांनी पर्यटकांना तूर्त न येण्याचे आवाहन केले होते. संस्थेने त्या देशावरील पुस्तक चालू ठेवले, म्हणून ब्रिटनमधील काही संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. प्रवासी गेल्याने राजवटीच्या तिजोरीत भर पडते, हा एक पक्ष होता. प्रवासी गेल्याने सामान्य नागरिकाचा बाहेरच्या जगाशी संबंध टिकतो आणि छोट्या व्यावसायिकास चार पैसे मिळतात, हा दुसरा. संस्थेने दुसरा पक्ष स्वीकारला आणि त्याची किंमत टीकेच्या रूपाने मोजली.

आर्थिक संकटेही चुकली नाहीत. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील दहशतवादी हल्ल्यानंतर जगभरातील प्रवास एकाएकी रोडावला. २००३ साली आशियात सार्स या रोगाची साथ आली. ज्यांचा व्यवसायच लोकांच्या फिरण्यावर अवलंबून, त्यांच्यावर याचा घाव बसणे अपरिहार्य होते. संस्थेला खर्चात व कर्मचाऱ्यांच्या संख्येत कपात करावी लागली. तीस वर्षांच्या वाटचालीनंतरही स्थैर्य गृहीत धरता येत नाही, हा धडा या काळाने दिला.

विक्रीनंतरचे आयुष्य

ऑक्टोबर २००७ मध्ये व्हीलर दांपत्याने कंपनीचे ७५ टक्के भाग बीबीसी वर्ल्डवाइड या कंपनीस विकले आणि उरलेले २५ टक्के २०११ साली दिले. दोन्ही टप्पे मिळून ही रक्कम सुमारे १३ कोटी पौंड होती. पुढे घडले ते विक्रीच्या वेळी कोणी अपेक्षिले नसेल. भ्रमणध्वनीवर मोफत मिळणाऱ्या माहितीमुळे छापील मार्गदर्शक पुस्तकांची बाजारपेठ आक्रसली, जागतिक मंदीने प्रवासही घटला आणि २०१३ साली बीबीसीने तीच कंपनी अवघ्या ५ कोटी १५ लाख पौंडांना एका अमेरिकी कंपनीस विकली. २०२० च्या अखेरीस तिची मालकी पुन्हा बदलली. एखाद्या मालमत्तेचे मूल्य तिच्या लौकिकावर जितके अवलंबून असते, तितकेच काळावरही अवलंबून असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

आयुष्यभर उभारलेली संस्था दुसऱ्याच्या हाती देणे, हे घर सोडण्यासारखेच असते. त्यानंतर व्हीलर दांपत्याने काय केले, यावरून त्यांच्या प्रवासाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. ‘प्लॅनेट व्हीलर फाउंडेशन’ या त्यांच्या न्यासामार्फत आफ्रिका आणि आशियातील गरीब भागांत शिक्षण व आरोग्य यांविषयीच्या प्रकल्पांना साहाय्य दिले जाऊ लागले. ज्या देशांच्या रस्त्यांवरून ते तरुणपणी थोड्या पैशांत फिरले आणि ज्यांच्यावर लिहून त्यांनी संपत्ती मिळवली, त्या प्रदेशांकडे त्या संपत्तीचा काही भाग परत वळला.

मेलबर्न शहराला २००८ साली युनेस्कोने ‘साहित्यनगरी’ म्हणून मान्यता दिली. त्यानंतर तेथे पुस्तके, लेखन आणि विचार यांना वाहिलेले एक केंद्र उभे राहिले. व्हीलर दांपत्याच्या देणगीमुळे त्याला ‘व्हीलर सेंटर’ हे नाव मिळाले आणि २०१० साली ते सुरू झाले. मॉरीन यांना ऑपेराची ओढ होती. २०१३ साली मेलबर्नमध्ये वाग्नर या जर्मन संगीतकाराची चार संगीतिकांची दीर्घ माला रंगमंचावर आली, तिच्या त्या प्रमुख आश्रयदात्या होत्या. लंडन बिझनेस स्कूल या टोनी यांच्या शिक्षणसंस्थेतही त्यांच्या देणगीतून विकसनशील देशांतील उद्योग आणि विकास यांचा अभ्यास करणारी संस्था स्थापन झाली.

लेखनही थांबले नाही. दोघांनी मिळून लिहिलेले ‘वन्स व्हाइल ट्रॅव्हलिंग’ हे आत्मकथन २००५ साली प्रसिद्ध झाले होते. टोनी यांनी ‘बॅड लँड्स’ आणि ‘डार्क लँड्स’ या पुस्तकांत, सामान्य पर्यटक जेथे जाण्यास कचरतो, अशा देशांचा वेध घेतला. मार्गदर्शक पुस्तकात लेखकास स्वतःला मागे ठेवावे लागते; तेथे वाचकास बसची वेळ हवी असते, लेखकाचे मन नको असते. व्यवसायाच्या जबाबदारीतून मोकळे झाल्यावर टोनी यांना स्वतःच्या आवाजात लिहिण्यास अवकाश मिळाला.

कोचीतील चहाचे दुकान

येथवरची कथा वाचून एखाद्या वाचकाच्या मनात शंका येईल, की हे सारे परदेशातील शिकलेल्या तरुणांना शक्य असेल; दररोज दुकान उघडल्याशिवाय ज्याची चूल पेटत नाही, त्याने काय करावे? या शंकेचे उत्तर केरळमधील कोची येथील के. आर. विजयन आणि मोहना या दांपत्याने दिले आहे.

हे दोघे कोचीत ‘श्री बालाजी कॉफी हाऊस’ नावाचे लहानसे चहाचे दुकान चालवीत. नोकर ठेवल्यास खर्च वाढेल, म्हणून सर्व कामे स्वतः करीत. दिवसाच्या विक्रीतून सुमारे ३०० रुपये प्रवासासाठी वेगळे काढण्याचा त्यांचा नेम होता. साठलेली रक्कम कमी पडली, की ते कर्ज काढत, प्रवास करून येत आणि पुन्हा दुकानात उभे राहून ते कर्ज फेडत. कर्ज फिटले, की पुढचा देश! २००७ पासून त्यांनी परदेशवाऱ्या सुरू केल्या. पाहून आलेल्या देशांची छायाचित्रे दुकानाच्या भिंतीवर लागत आणि चहा पिणारे गिऱ्हाईक ती पाहत बसे. त्यांच्यावर माहितीपट निघाला. २०१९ साली उद्योगपती आनंद महिंद्र यांनी त्यांची जाहीर प्रशंसा केली आणि त्यांच्या एका प्रवासास साहाय्यही केले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते रशियाला जाऊन आले, तेव्हा त्यांनी पाहिलेल्या देशांची संख्या २६ झाली होती. त्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर २०२१ मध्ये, विजयन यांचे निधन झाले.

या दांपत्याचा हिशेब व्हीलर यांच्याहून निराळा होता. व्हीलर यांनी प्रवासालाच उपजीविका बनवले. विजयन व मोहना यांनी उपजीविका जागच्या जागी ठेवून तिच्यातून प्रवास काढला. पहिल्या जोडप्याकडे परतल्यावर सांगण्याजोगी माहिती होती आणि ती छापण्याची जिद्द होती. दुसऱ्या जोडप्याकडे परतल्यावर फेडायचे हप्ते होते आणि ते नियमित फेडण्याची नियत होती. सहलीसाठी कर्ज काढणे प्रत्येकाने अनुकरावे, असे नाही. घर, शिक्षण, आजारपण यांची तरतूद आधी करावी लागते आणि हप्ता उत्पन्नाला झेपणारा असावा लागतो. विजयन यांचे वेगळेपण असे, की पुढील प्रवासाचा विचार ते मागील कर्ज फिटल्यावरच करीत.

परतण्याचा अर्थ

दीर्घ प्रवासाची स्वप्ने पाहणाऱ्या जोडप्यांना या दोन कथांतून काही गोष्टी उमगतात. जाण्याचा खर्च सर्वच मोजतात. परतल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांचा खर्च मात्र फार थोडे जण धरतात. २७ सेंट घेऊन सिडनीला पोहोचणे कथेत शोभून दिसते, कारण त्या दोघांना तेथे लगेच काम मिळाले. ते मिळाले नसते, तर हीच कथा निराळ्या सुरात सांगावी लागली असती. तेव्हा परतल्यानंतरच्या काही महिन्यांपुरती रक्कम प्रवासाच्या खर्चात न मिसळता स्वतंत्र खात्यात ठेवणे श्रेयस्कर. जाताना घरचे हप्ते, विम्याची वर्गणी, देयके यांची व्यवस्था लावणे आणि खात्यांवर जोडीदाराचे नाव व नामनिर्देशन असल्याची खात्री करणे, या साध्या गोष्टींनी परतीचा दिवस सुसह्य होतो.

दुसरी गोष्ट पैशांपलीकडची आहे. प्रवासात दोन माणसे रात्रंदिवस एकमेकांच्या सहवासात असतात. भूक, थकवा, चुकलेली गाडी आणि संपत आलेले पैसे यांना दोघांनी मिळून तोंड द्यावे लागते. घरी परतल्यावर नित्याचे व्यवहार पुन्हा सुरू होतात आणि तो सहवास विरळ होतो. व्हीलर दांपत्याने स्वयंपाकघरातील टेबलावर एकत्र बसून पुस्तक केले, विजयन व मोहना एका चुलीपाशी उभे राहून चहा करत राहिले. दोन्ही घरांत प्रवासानंतर करण्यासारखे एक सामाईक काम होते. प्रवासात जुळलेली सोबत परतल्यानंतरही टिकून राहिली, याचे श्रेय बहुधा या कामालाच द्यावे लागेल.